बेवारस काहीच नसते



शिरवणे गाव आणि त्याच्या शेजारची औद्योगिक वसाहत यांच्यामधून सकाळी आठच्या सुमारास माणसांचा जो लोंढा वाहतो, त्यातील प्रत्येकाच्या हातांकडे एकदा नीट पाहावे. जुईनगर स्थानकावर उतरून कारखान्याकडे निघालेल्या कामगाराच्या खांद्याला डब्याची पिशवी असते. नेरूळहून मुंबईची गाडी पकडणाऱ्या कारकुनाजवळ कार्यालयाचे कागद असतात, महाविद्यालयात निघालेल्या मुलीजवळ दप्तर, छत्री आणि मोबाइल. घर सोडून निघालेला प्रत्येक जण घराचा एक लहानसा तुकडा बरोबर घेऊन निघतो. संध्याकाळी परतताना मात्र त्यातील काही तुकडे घरी पोहोचत नाहीत. ते गाडीच्या फळीवर, फलाटाच्या बाकावर, बसच्या आसनाखाली, रिक्षात किंवा रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात राहून गेलेले असतात.

विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. छत्री विसरली, नवी घेतली. पिशवी राहिली, चार दिवस हळहळ वाटली. यात समाजाने विचार करावा असे काय आहे, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु सार्वजनिक ठिकाणी मागे राहिलेली वस्तू मालकाच्या हातून सुटते त्या क्षणी दुसऱ्या कोणाच्या तरी हाती आपले ओझे देते. ते ओझे कोण वाहतो आणि का वाहतो, हे समजून घेतले म्हणजे या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाचे खरे वजन ध्यानात येते.

गावाची स्मृती आणि शहराचे विस्मरण

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतील गावांच्या जमिनींवर नवे शहर आकार घेऊ लागले. शिरवणे हे त्या गावांपैकीच एक. १९९२ साली खाडी ओलांडून लोकलगाडी वाशीला आली, १९९३ मध्ये नेरूळपर्यंत आणि १९९८ मध्ये पनवेलपर्यंत पोहोचली. २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी गाड्या सुरू झाल्या. २०१८ मध्ये नेरूळहून खारकोपरला आणि २०२४ मध्ये थेट उरणपर्यंत गाडी गेली. ज्या परिसरात एके काळी माणसे एकमेकांना नावानिशी ओळखत, तो पिढी-दीड पिढीत परस्परांना अनोळखी असलेल्या प्रवाशांचा परिसर झाला.

या बदलाचा वस्तूंशी निकटचा संबंध आहे. गावात वस्तूला चेहरा असतो. विहिरीच्या काठावर राहिलेली कळशी कोणाच्या घरची, बांधावर विसरलेला कोयता कोणाचा, हे पाहणाऱ्याला विचारावे लागत नाही. अशी वस्तू दिवेलागणीपूर्वी कोणाच्या तरी हाती आपल्या घरी जाते. मालक विसरला तरी गाव विसरत नाही. तेथे व्यक्तीच्या निष्काळजीपणाची भरपाई समाजाची स्मृती करीत असते.

शहरात ही स्मृती उरत नाही. जुईनगरच्या फलाटावरील काळी पिशवी तशाच शेकडो काळ्या पिशव्यांपैकी एक असते. तिच्याकडे पाहून कोणाला कोणाचेही घर आठवत नाही. म्हणून जी जबाबदारी पूर्वी गावाने वाटून घेतली होती, ती शहरात एकट्या मालकावर येऊन पडते. शहराच्या सर्व सोयी स्वीकारल्या आणि ही जबाबदारी मात्र स्वीकारली नाही, अशी पुष्कळांची स्थिती आहे.

शब्दातच असलेली चूक

अशा वस्तूंसाठी रूढ झालेला शब्द आहे 'बेवारस'. ज्याला वारस नाही ते बेवारस. स्थानकांवरील उद्घोषणांतून हा शब्द दिवसातून अनेकदा कानांवर पडतो आणि म्हणूनच त्याच्या अर्थाकडे कोणाचे लक्ष जात नाही. फलाटावर राहिलेल्या पिशवीला वारस नसतो काय? तिचा वारस जिवंत असतो, धडधाकट असतो, पुढच्या स्थानकावर उतरून घराच्या वाटेला लागलेला असतो. तो तेथे नसतो एवढेच. पिशवी बेवारस झालेली नसते. तिच्याविषयीचे कर्तव्य तेवढे बेवारस झालेले असते.

मालकी म्हणजे केवळ उपभोगाचा हक्क, अशी समजूत अलीकडे दृढ होत चालली आहे. वस्तू विकत घेतली, पावती खिशात आहे, म्हणजे ती माझी, असा हिशेब मांडला जातो. परंतु 'माझी' या शब्दात 'तिच्यामुळे दुसऱ्याला त्रास होणार नाही, हे पाहणारा मी' हाही अर्थ सामावलेला आहे. गोठ्यातील गाय माझी म्हणणाऱ्याने ती दुसऱ्याच्या शेतात शिरली तर उत्तर द्यावे लागते, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पिशवीलाही तोच न्याय लागू आहे.

एका पिशवीचा प्रवास

समजा, संध्याकाळच्या गर्दीत एका प्रवाशाची पिशवी फलाटावरील बाकाजवळ राहिली. आत रिकामा डबा, नॅपकिन आणि घडी केलेला सदरा आहे. हे मालकाला ठाऊक आहे. फलाटावरील इतर कोणालाही ते ठाऊक नाही. प्रथम एका बाईंचे लक्ष जाते. त्या मुलाचा हात धरून दूर सरकतात. कोणीतरी रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला सांगतो. जवान लोकांना मागे हटवतो, वरिष्ठांना कळवतो. आजूबाजूला विचारपूस होते, मालक सापडत नाही. मग बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलावणे जाते, श्वान येते, जागा मोकळी केली जाते. प्रसंगी गाडी थांबवावी लागते. अखेर पथकातील एक माणूस त्या पिशवीजवळ जातो.

या शेवटच्या वाक्याशी क्षणभर थांबावे. तो माणूसही कोणाचा मुलगा, कोणाचा पती, कोणाचा पिता असतो. पिशवीत डबाच निघेल असे त्याला शंभरदा अनुभवाने माहीत झालेले असले, तरी एकशे एकाव्या वेळी त्याला तसे गृहीत धरता येत नाही. घरी पोहोचून चहा घेणाऱ्या मालकाला ठाऊकही नसते की, त्याच्या विसरण्याची किंमत या वेळी एक अनोळखी माणूस आपल्या छातीच्या ठोक्यांनी चुकवीत आहे. पिशवी निरुपद्रवी निघते, लोक हसतात, गाड्या सुरू होतात. परंतु त्या अर्ध्या तासात कोणाची पाळी चुकलेली असते, कोणाचा आजारी माणूस रुग्णालयात वाट पाहत राहिलेला असतो, आणि सुरक्षा दलाचे जे लक्ष खऱ्या धोक्याकडे असायला हवे होते, ते एका रिकाम्या डब्यावर खर्च झालेले असते.

ही दक्षता म्हणजे अतिरेक नव्हे. मुंबई आणि महाराष्ट्र यांनी तिची किंमत रक्ताने मोजली आहे. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवाशांचा बळी गेला. घरी निघालेल्या माणसांच्या सामानातच मृत्यूचे सामान ठेवले गेले होते. २००८ साली नवी मुंबईत वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात स्फोटके सापडली आणि ती निकामी करावी लागली. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यात कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत ठेवलेल्या पिशवीचा स्फोट होऊन सतरा जणांना प्राण गमवावे लागले. कृत्य करणारा कोणीही असो, त्याने आश्रय घेतला तो एकाच गोष्टीचा. गर्दीच्या जागी मालकाविना पडलेले सामान लोकांच्या इतके सवयीचे झालेले असते की, त्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. घातपात करणारा या सवयीवर विसंबून असतो, आणि ती सवय सज्जन पण निष्काळजी नागरिकांनी दररोज थोडी थोडी वाढवीत नेलेली असते. ज्या गाडीत एकही पिशवी मालकाविना राहत नाही, तेथे एक परकी पिशवी लगेच डोळ्यांत भरते.

उंदीर आणि वात

या विषयावर महाराष्ट्राला फार जुनी शिकवण मिळालेली आहे. चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणीला असलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना छत्रपती शिवाजी महाराजांनी पाठविलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या आज्ञेसाठी त्याचा उल्लेख नेहमी होतो. त्याच पत्रातील दुसरा एक भाग मात्र तितकासा सांगितला जात नाही. रात्री दिवे तसेच जळत ठेवू नयेत, एखादा उंदीर जळती वात तोंडात धरून नेईल आणि गवताला आग लागेल, असे महाराज बजावतात. आग लागून गेल्यावर कोणाला कितीही शिक्षा केली, तरी जळून गेलेले परत मिळणार नाही, हेही ते स्पष्ट करतात.

स्वराज्याच्या उभारणीत गुंतलेल्या राज्यकर्त्याला एका विसरलेल्या दिव्याचा विचार करावासा वाटला, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे. शत्रूपासून रक्षण करण्यासाठी किल्ले आणि सैन्य होतेच. परंतु आपल्याच माणसाने मागे ठेवलेल्या दिव्यापासून रक्षण करायला किल्ला उपयोगी पडत नाही. तेथे त्या दिव्याचा मालक जागा असावा लागतो. आग लागल्यावर उंदराला दोष देता येईल, वाऱ्याला देता येईल. पत्राचा रोख मात्र दिवा तसाच टाकून जाणाऱ्या माणसाकडे आहे. फलाटावरील पिशवीबाबतही गर्दी, गाडीची घाई, मोबाइलची घंटा हे सारे उंदराच्या जागी आहेत. वात ज्याची, उत्तर त्याचेच.

शास्त्र आणि कायदा काय सांगतात

हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंचा विचार आपल्या धर्मशास्त्राने अत्यंत व्यवहार्य बुद्धीने केला आहे. मालक ज्ञात नसलेले धन राजाने तीन वर्षे राखून ठेवावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. मालकी सांगणाऱ्याने वस्तूचे रूप, संख्या, ती कोठे व केव्हा गेली, हे सांगून आपला हक्क सिद्ध करावा. खोटा दावा करणाऱ्यास वस्तूच्या मोलाएवढा दंड व्हावा. वस्तू राखल्याबद्दल राजाने तिचा ठरावीक हिस्सा घेण्याचीही तरतूद आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत जकातीवरील अधिकारी आणि ठाण्यांवरील रक्षक यांनी आणून दिलेल्या वस्तूंचा उल्लेख येतो आणि मालकाला एक वर्षाची मुदत दिली जाते. याच स्मृतीवर चालुक्यांच्या कल्याणी नगरीत विज्ञानेश्वरांनी 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, जी पुढे भारताच्या मोठ्या भागात न्यायदानाचा आधार ठरली.

या तरतुदींतून दोन गोष्टी निघतात. हरवलेल्या वस्तूचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे, पण ते विनामूल्य नाही आणि अमर्याद नाही. राखणाऱ्याच्या श्रमाचे मोल मालकाने द्यायचे आहे. तसेच वस्तू परत हवी असेल तर ती कशी होती, कोठे राहिली, हे मालकाला सांगता आले पाहिजे. ज्याला आपल्या पिशवीत काय होते हेच आठवत नाही, त्याचा हक्क शास्त्रही सिद्ध करून देऊ शकत नाही.

आजचा कायदाही याच दिशेने जातो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १०० नुसार प्रवाशाने स्वतःजवळ बाळगलेल्या सामानाच्या हानीबद्दल रेल्वे सहसा जबाबदार ठरत नाही. रेल्वेच्या किंवा तिच्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे वा गैरवर्तनामुळे ती हानी झाली, हे सिद्ध व्हावे लागते. तिकीट काढले म्हणजे सामानाचीही हमी मिळाली, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते. पोलिसांच्या ताब्यात आलेल्या आणि मालक अज्ञात असलेल्या मालमत्तेसाठी दंडाधिकाऱ्याने उद्घोषणा काढावी आणि हक्कदाराने सहा महिन्यांच्या आत पुढे यावे, अशी पद्धत जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली आहे. मनूची तीन वर्षे, याज्ञवल्क्यांचे एक वर्ष आणि आजचे सहा महिने असा मुदतीचा प्रवास झाला. पुढे येण्याची जबाबदारी मात्र सर्व काळी मालकावरच राहिली.

ज्याला सापडते तो

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. मागे राहिलेली वस्तू अनेकदा सफाई कामगाराला, बसच्या वाहकाला, रिक्षाचालकाला किंवा हमालाला सापडते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम ७१ असे सांगते की, दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो, त्याच्यावर विश्वासाने सोपविलेली ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर ते मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवण्याचा हक्कही त्याच अधिनियमाचे कलम १६८ त्याला देते. परंतु मालकाचा शोध न घेता वस्तू स्वतःसाठी वापरली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ नुसार तो अप्रामाणिक अपहार ठरू शकतो. कायद्याने दिलेली उदाहरणे बोलकी आहेत. रस्त्यात एक रुपया सापडला आणि तो कोणाचा हे ठाऊक नाही, तर तो उचलणारा गुन्हेगार ठरत नाही. पण एखाद्याचे पाकीट पडताना पाहिले, परत देण्याच्या हेतूने उचलले आणि नंतर स्वतःकडेच ठेवले, तर तो गुन्हा होतो. हेतू चांगला होता, एवढे म्हणून सुटका नाही.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वस्तू सापडणारा हा विश्वस्त आहे. हे विश्वस्तपद त्याने मागितलेले नसते; ते दुसऱ्याच्या विस्मरणाने त्याच्यावर लादलेले असते. दिवसभर राबून तुटपुंजी कमाई करणाऱ्या बाईला डबा झाडताना नोटांनी भरलेले पाकीट सापडते, तेव्हा तिच्या मनात काय होत असेल याचा विचार पाकिटाच्या मालकाने करावा. घरी मुलाची फी भरायची आहे, किराणा दुकानाची उधारी आहे. ती पाकीट उचलते आणि जवळच्या चौकीत नेऊन देते. तेथे तिलाच चार प्रश्न विचारले जातात. मालक येतो, तिच्यासमोर एकेक नोट मोजतो आणि हिशेब बरोबर निघाल्यावर सुटकेचा निःश्वास टाकतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'सफाई कामगार महिलेचा प्रामाणिकपणा' असा मथळा येतो, जणू गरिबाने प्रामाणिक असणे ही नवलाची बातमी आहे!

या प्रसंगात कौतुक त्या बाईचे होते, आणि ते व्हायलाच हवे. परंतु ज्याच्यामुळे तिच्यावर ही परीक्षा ओढवली, त्याला कोणी काही विचारीत नाही. निष्काळजी माणसाला दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणी दिला? ती परीक्षा उत्तीर्ण झाली तर त्याचे पाकीट परत येते. एखादा दुर्बळ क्षणी अनुत्तीर्ण झाला तर त्याच्या कपाळी चोराचा शिक्का बसतो. पाकीट सांभाळले असते तर दोन्ही टळले असते. वस्तू जपणे ही केवळ आपल्या पैशाची राखण नाही. दुसऱ्याला मोहापासून आणि संशयापासून दूर ठेवण्याचेही ते साधन आहे.

जपानचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. तेथे वस्त्यावस्त्यांतील लहान पोलीस चौक्यांवर दरवर्षी लक्षावधी हरवलेल्या वस्तू आणून दिल्या जातात. शाळकरी मुलाला सापडलेले एखादे नाणेही तो चौकीत नेऊन देतो आणि तेथील पोलीस त्याची गांभीर्याने नोंद करतो. त्यांचा कायदा वस्तू आणून देणाऱ्यास तिच्या मोलाच्या पाच ते वीस टक्के इतके पारितोषिक मागण्याचा हक्क देतो, आणि मालक तीन महिन्यांत पुढे न आल्यास सर्वसाधारणपणे वस्तू सापडणाऱ्याला मिळू शकते. म्हणजे तेथेही केवळ सद्गुणावर भिस्त ठेवलेली नाही. लहानपणापासूनची सवय, जवळची चौकी आणि श्रमाचा मोबदला या तिन्हींची जोड दिलेली आहे. आपल्या याज्ञवल्क्यांच्या ठाण्यावरील रक्षकाची ही आधुनिक आवृत्तीच म्हणावी लागेल.

विसरलेले आणि सोडून दिलेले

येथवर विचार झाला तो नकळत राहिलेल्या वस्तूंचा. परंतु जाणूनबुजून मागे ठेवल्या जाणाऱ्या वस्तूंचे काय? महानगरातील वसाहतींच्या रस्त्यांकडेला धूळ खात उभ्या असलेल्या जुन्या मोटारी आणि स्कूटर पाहाव्यात. टायर बसलेले, काचा फुटलेल्या, आत पावसाचे पाणी साचलेले. त्या विसरून राहिलेल्या नाहीत. मालकाने त्यांच्याकडे पाठ फिरविली आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा तासांहून अधिक काळ सार्वजनिक जागी सोडून दिलेले वाहन पोलिसांना हलविता येते आणि ते ओढून नेण्याचा खर्च मालकावर बसतो. कायदा आहे, पण त्याची वाट पाहण्याची वेळ सुशिक्षित कुटुंबावर यावी, हे भूषणास्पद नाही.

याहून वेदनादायक दृश्य पिंपळाखाली आणि तलावांच्या काठी दिसते. काच तडकलेल्या देवाच्या तसबिरी, रंग उडालेल्या मूर्ती, जुनी पंचांगे, लग्नपत्रिकांवरील गणपती तेथे आणून ठेवलेले असतात. ज्या तसबिरीसमोर वर्षानुवर्षे दिवा लावला, जिच्यापुढे मुलांनी परीक्षेला जाताना हात जोडले, ती घर रंगविताना अडचण झाली म्हणून रात्रीच्या अंधारात झाडाखाली ठेवली जाते. घरात टाकवत नाही आणि कचऱ्यात टाकण्याचे धैर्य नाही, म्हणून ती रस्त्यावर सोडली जाते. श्रद्धेपोटी केले असे समाधान मनाला मिळते. पुढे पाऊस, कुत्री आणि सफाई कामगाराचा खराटा यांच्या हवाली तो देव होतो. यात श्रद्धा कोठे उरली? लाकडी चौकट, काच आणि कागद वेगळे करून प्रत्येकाची योग्य वासलात लावणे, मातीची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करून ते पाणी झाडाला घालणे, निर्माल्य महापालिकेने ठेवलेल्या कलशातच टाकणे, हे कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे. देव झाडाखाली ठेवून घरी जाणे ही पूजेची समाप्ती नव्हे. ते कर्तव्यातून काढता पाय घेणे आहे.

नग मोजण्याचा संस्कार

मग करावे काय? उपाय नवीन नाहीत. मराठी घरातील जुनी माणसे प्रवासाला निघत, तेव्हा सामानाचे नग मोजत. वळकटी, ट्रंक, फराळाचा डबा, पाण्याचा फिरकीचा तांब्या, असे एकूण नग किती हे निघताना मोठ्याने सांगितले जाई. एस.टी.त चढल्यावर मोजणी, उतरल्यावर मोजणी, टांग्यात बसल्यावर पुन्हा मोजणी. घरातील लहान मुलावर एखाद्या नगाची जबाबदारी सोपविली जाई आणि ते मूल तो तांब्या मांडीवर घेऊन अभिमानाने बसे. नागरिकशास्त्राचा पहिला धडा त्याला तेथेच मिळत असे. सामान हलके झाले, चाके लागली, पण मोजणी थांबली. ती पुन्हा सुरू व्हावी. आसनावरून उठताना मागे वळून एक नजर टाकायला दोन सेकंद पुरतात.

दुसरी गोष्ट वस्तूवरील खुणेची. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० च्या सुमारास सुरू झाली. मावळ, खेड, जुन्नर या भागांतून आलेल्या या माणसांनी डब्यांवर रंग, अक्षरे आणि आकडे यांच्या खुणा ठेवल्या. डबा कोठून निघाला, कोणत्या स्थानकावर उतरायचा, कोणत्या इमारतीत जायचा, हे त्या खुणेवरून कळते. अनेक हातांतून जाऊन तो योग्य माणसापर्यंत पोहोचतो आणि रिकामा होऊन घरी परततो. एकसारख्या दिसणाऱ्या हजारो डब्यांना त्यांनी चेहरा दिला. प्रत्येकाने आपल्या पिशवीच्या आत नाव व संपर्क क्रमांकाची चिठ्ठी ठेवली, तर शहरात हरवलेला हा चेहरा वस्तूंना परत मिळेल आणि सापडणाऱ्यालाही मालक शोधणे सोपे जाईल.

तिसरी गोष्ट, वस्तू राहिलीच तर विलंब न करता कळविण्याची. गाडीची वेळ, कोणत्या दिशेची गाडी, डबा पुढचा की मागचा, फळी कोणत्या बाजूची, पिशवीचा रंग आणि आतील वस्तू एवढे सांगून रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर किंवा जवळच्या स्थानकावर नोंद करावी. रेल्वे सुरक्षा दल 'ऑपरेशन अमानत' या मोहिमेखाली अशा वस्तू मालकांपर्यंत पोहोचविण्याचे काम करते. तत्काळ मिळालेली माहिती त्या जवानांचे भयही कमी करते, कारण पिशवी कोणाची आणि आत काय, हे त्यांना कळते. मोबाइल गेला असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून २०२३ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या 'संचार साथी' सेवेद्वारे तो बंद करता येतो. आणि वस्तू दुसरीकडे सापडली तर तेही कळवावे. घरी सापडलेल्या पिशवीचा पोलीस दोन दिवस शोध घेत राहिले, असे होऊ नये.

चौथी गोष्ट, दुसऱ्याची पिशवी पडलेली दिसल्यास काय करावे. हात लावू नये, आणि दुर्लक्ष करून पुढेही जाऊ नये. "ही पिशवी कोणाची?" असे मोठ्याने विचारावे. बहुधा चार पावलांवरून कोणी तरी ओशाळून पुढे येते. कोणी आले नाही तर दूर व्हावे, इतरांना दूर करावे आणि जवानाला, स्थानकप्रमुखाला किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. तीन शब्दांच्या या प्रश्नाला संकोच वाटण्याचे काही कारण नाही. गावाच्या विहिरीवर हाच प्रश्न विचारला जात होता आणि त्यातूनच कळशी घरी पोहोचत होती.

राष्ट्राविषयीचे प्रेम मोठ्या प्रसंगी व्यक्त करण्याची संधी प्रत्येकाला मिळतेच असे नाही. परंतु सकाळी गाडीतून उतरताना आणि रात्री घरी परतताना ती संधी प्रत्येकाच्या हाताशी असते. आपली पिशवी आपल्या खांद्यावर आहे ना, मागे काही राहिले नाही ना, एवढे पाहून जो उतरतो, तो एका जवानाची काळजी, एका कष्टकरी बाईची परीक्षा आणि हजारो प्रवाशांचा अर्धा तास वाचवितो. त्याचा सत्कार कोणी करणार नाही, कारण त्याच्या हातून काही घडलेलेच दिसत नाही. शहर सुखरूप घरी पोहोचते ते अशाच न घडलेल्या घटनांच्या बळावर.

आज घरी गेल्यावर मुलांना एकच खेळ शिकवावा. पुढच्या प्रवासात नग किती, हे त्यांना मोजू द्यावे, आणि उतरताना त्यांचा हिशेब जुळेपर्यंत दोन क्षण थांबावे.